सोलोच्या आधी करंगळी कुठे हवी: पिकअप निवडणं आणि वाजवता वाजवता बदलणं

घरी एकट्याने वाजवताना गिटारच्या सगळ्याच पिकअपचा (तारांखाली बसवलेल्या, त्यांचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकी वेटोळ्यांचा) आवाज छान लागतो. बँडमध्ये उभं राहिलं की त्यातला एक कीबोर्डच्या डाव्या हाताखाली गडप होतो, दुसरा झांजांच्या अंगावर जातो, आणि सोलोचा पहिला सूर लागायच्या वेळी स्विच भलत्याच खाचेत सापडतो. दोष बहुतेक वेळा हाताला दिला जातो. खरं तर हाताचं काम सगळ्यात शेवटी येतं. पिकअपची उंची जुळलेली नसेल आणि ॲम्प एकाच पिकअपला धरून लावलेला असेल, तर स्विच कितीही सफाईने फिरवा, ऐकणाऱ्याला मधेच काहीतरी बिघडलं असंच वाटतं.

पुढचं सगळं दोन गिटार डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे: तीन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे पिकअप) आणि पाच जागांचा स्विच असलेली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर, आणि दोन हमबकर (दुहेरी वेटोळ्याचे पिकअप) व तीन जागांचा टॉगल (वर-खाली पाडायचा स्विच) असलेली गिब्सन कंपनीची लेस पॉल. दुकानात दिसणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटार या दोघींपैकी एकीच्या वळणावर गेलेल्या असतात.

तार कुठे ऐकली जाते

पिकअप वेगवेगळे ऐकू येतात ते मुख्यतः जागेमुळे. एकाच कारखान्यात सारखेच वेटोळे घातलेले तीन पिकअप बसवले तरी नेकचा (गिटारच्या दांड्याजवळचा) भरदार आणि ब्रिजचा (तारा अंगावर जिथे टेकतात त्याजवळचा) टोकदारच लागेल. स्ट्रॅटोकास्टरवर नटपासून (दांड्याच्या टोकाच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंत खुल्या तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असते. नेकचा पिकअप ब्रिजपासून साधारण १६२ मिलिमीटरवर, म्हणजे तारेच्या चौथ्या हिश्शावर बसतो. तिथे तार मोठे हेलकावे घेते, म्हणून मूळ सूर दणकट मिळतो. मात्र खुल्या तारेचा चौथा हार्मोनिक (मूळ सुराच्या चौपट कंपनांचा उपसूर) नेमका त्याच बिंदूवर स्थिर असतो, तो पिकअपला जवळजवळ ऐकूच येत नाही. नेकच्या खुल्या तारांना जो पोकळ, बासरीसारखा गोडवा असतो त्यात या गाळणीचा मोठा वाटा आहे. फ्रेट दाबला की तारेची लांबी बदलते आणि तो बिंदू सरकतो, म्हणून वरच्या फ्रेटवर तोच पिकअप जरा वेगळा बोलतो.

ब्रिजपाशी तार जेमतेम हलते. मूळ सुराचा जोर तिथे कमी आणि वरच्या हार्मोनिकांचा वाटा जास्त, म्हणून आवाज कडक आणि मुळात लहानही. हा लहानपणा पुढे उंची लावताना लक्षात ठेवायचा आहे.

मग उरतात जोड्या. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा तिच्यावर तीनच जागांचा स्विच होता. वादकांनी लिव्हर दोन खाचांच्या मधे अडकवून ठेवली की दोन पिकअप एकदम चालू होतात हे शोधून काढलं, आणि फेंडरने १९७७ मध्ये पाच खाचांचा स्विच देऊन त्या युक्तीला अधिकृत केलं. या मधल्या जागांवर दोन पिकअप समांतर जोडले जातात. आवाज दुप्पट होत नाही. उलट तारेवरच्या दोन वेगळ्या जागा एकत्र ऐकल्याने काही हार्मोनिक एकमेकांना खातात, मधला पट्टा दबतो आणि वरची चकाकी पुढे येते. बदकासारखा ‘क्वॅक’ म्हणतात तो हाच.

क्रमांकांचा घोळ आधीच मिटवून टाका. इथे १ म्हणजे ब्रिज, २ ब्रिज आणि मधला, ३ मधला, ४ मधला आणि नेक, ५ म्हणजे नेक. काही जण उलटे मोजतात. दोन गिटारवादक असलेल्या बँडमध्ये ‘दोनवर ये’ याचे दोन अर्थ निघाले की तालमीचा अर्धा तास जातो.

हमबकरची गोष्ट वेगळी. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५७ पासून तो लेस पॉलवर बसू लागला. दोन कॉइल, दोघींची वेटोळी आणि चुंबकाची टोकं एकमेकांच्या उलट. तारेचा आवाज दोघींमध्ये एका दिशेने जमा होतो, बाहेरून आलेली गुणगुण मात्र एकमेकींना पुसून टाकते. आजच्या बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप असाच उलटा गुंडाळलेला असतो, त्यामुळे २ आणि ४ या जागा शांत असतात. तुमच्या गिटारचं काय ते पाहायला ॲम्पचा गेन (आवाज फाटवणारा नॉब) वाढवा, तारांवर हात ठेवून त्या बंद करा आणि १ ते ५ फिरा. २ आणि ४ वर गुणगुण झपकन उतरली तर मधला उलटा आहे. सगळीकडे सारखीच राहिली तर नाही.

आधी स्क्रूड्रायव्हर

उंची लावताना आवाज क्लीन (न फाटलेला) ठेवा. डिस्टॉर्शन मोठे-लहान सगळे आवाज एका पातळीला दाबतं, त्यात पिकअपमधला फरक झाकला जातो आणि क्लीन गाण्यात तो अचानक उघडा पडतो.

शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि पिकअपच्या खांबाच्या (तारेखाली दिसणाऱ्या धातूच्या ठिपक्याच्या) माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोजा. जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलसाठी जाड तारेखाली २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर ही सुरुवात. जास्त जोरकस किंवा नॉइजलेस पिकअप असतील तर जाड बाजूला ३.२ आणि बारीक बाजूला २.४. हमबकरला ब्रिजवर दोन्ही बाजूंना १.६ आणि नेकवर २.४ मिलिमीटर. हे आकडे सुरुवातीसाठीच, शेवट कानाने करायचा.

ब्रिजचा पिकअप आकड्यावर ठेवा आणि त्याला हात लावू नका. आता एकच कॉर्ड, एकाच जोराने, चार वेळा ब्रिजवर आणि चार वेळा नेकवर वाजवा. नेक जवळजवळ नेहमीच मोठा निघेल. त्याला अर्धा-अर्धा वळसा खाली घ्या आणि प्रत्येक वेळी पुन्हा ऐका. अर्धा वळसा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतर, पण कानाला ते पुरेसं कळतं. नेक उतरवून बरोबरी साधायची, ब्रिज चढवून नाही. ब्रिज फार वर घेतला तर पिक (तार छेडायची पट्टी) लागतो आणि आवाज खरखरीत होतो.

पिकगार्डला किंवा रिंगला टांगलेल्या पिकअपचा स्क्रू घट्ट केला की पिकअप वर येतो. थेट लाकडात बसवलेल्या पिकअपचा स्क्रू घट्ट केला की तो खाली जातो. फेंडरच्याच, जुन्या पद्धतीच्या टेलिकास्टर गिटारचा नेक पिकअप असाच लाकडात असतो आणि त्याच्या स्क्रूपर्यंत पोचायला पिकगार्ड काढावा लागतो. म्हणून टेलिकास्टरवाले बहुधा उंचीच्या भानगडीत पडत नाहीत आणि मग नेक बोदा वाजतो म्हणून कुरकुरतात.

सिंगल कॉइल फार जवळ आणला तर वेगळाच ताप होतो. त्याचे खांब स्वतः चुंबक असतात, ते तारेला ओढून धरतात. जाड ई तार बाराव्या फ्रेटच्या पुढे, नेक पिकअपवर, क्लीन आवाजात वाजवून पाहा. एकाच सुरात दोन सूर भांडल्यासारखे डुलत असतील, ट्यूनरची सुई ठरत नसेल, तर ब्रिजचे सॅडल (तारांचे टेकू) पिळत बसू नका. आधी नेक पिकअपची जाड बाजू दोन वळसे खाली घ्या. इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरचा सुरेलपणा) बिघडलं म्हणून दुरुस्तीला आलेल्या कित्येक स्ट्रॅटचा आजार एवढाच असतो.

ॲम्प कुणाला धरून लावायचा

नेकला धरून. बरेच जण ब्रिजवर सोलो ऐकत ॲम्प लावतात. तो टोकदार लागू नये म्हणून ट्रेबल उतरवतात, बारीक लागू नये म्हणून बास चढवतात, आणि नेकवर आले की चिखल. त्याऐवजी नेकवर जाड तारांच्या कॉर्ड वाजवा आणि प्रत्येक तार वेगळी ऐकू येईपर्यंत बास उतरवा, ट्रेबल हवा तेवढा वाढवा. मग ब्रिजवर जा. तो आता बोचेल, आणि तो ॲम्पवर नाही तर गिटारच्या टोन नॉबने ६ किंवा ७ वर आणून शांत करायचा.

लेस पॉलवर हे सरळ आहे, प्रत्येक पिकअपला स्वतःचा टोन असतो. जुन्या वायरिंगच्या स्ट्रॅटवर मात्र पहिला टोन नॉब नेकचा, दुसरा मधल्या पिकअपचा, आणि ब्रिजला कुणीच नाही. एका इंचाच्या वायरने हे सुटतं. पाच जागांच्या स्विचवर जोडण्यांचे दोन गट असतात. एका गटात तीन पिकअपच्या वायरी येतात, दुसऱ्या गटातून टोन नॉबकडे वायरी जातात. त्या दुसऱ्या गटात ब्रिजची कडी (वायर जोडायचा पत्र्याचा तुकडा) रिकामी दिसेल. मधल्या पिकअपच्या कडीपासून तिच्यापर्यंत छोटी वायर डाख देऊन (सोल्डर करून) जोडा, की दुसरा टोन नॉब मधल्या आणि ब्रिजच्या दोघांनाही लागू होतो. स्ट्रॅटवर करण्यासारखी सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच.

व्हॉल्यूम नॉब उतरवल्यावर आवाजावर पांघरूण पडल्यासारखं होत असेल, तर व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरच्या) आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या कड्यांमध्ये १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर लावा. वरचे सूर मग टिकतात. हमबकरच्या गिटारवर ५०० किलोओहमचे आणि सिंगल कॉइलवर २५० किलोओहमचे पॉट असतात. एका गिटारवर दोन्ही प्रकारचे पिकअप असले की कुणावर तरी अन्याय होतो, आणि तो बहुधा सिंगल कॉइलवर होतो, ते गरजेपेक्षा चकचकीत लागतात.

कुठल्या कामाला कुठला

याची पक्की यादी करता येत नाही, पण बँडमध्ये बाकीचे काय वाजवतात त्यावरून बरंच ठरतं. कीबोर्ड डाव्या हाताने भरून वाजवत असेल तर नेकवर ऱ्हिदम वाजवू नका, दोघांचा मिळून गोळा होतो. तिथे ४ घ्या: मधला पट्टा दबलेला असल्याने गायकाच्या आवाजाला जागा राहते आणि पिकचा टपोरा आघात ऐकू येतो. ढोलकी किंवा ऑक्टापॅडच्या थापेसोबत तुटक कॉर्ड वाजवायच्या असतील तर हीच जागा. अर्पेजियो, खुल्या तारांची गुंफण यासाठी २, तो ४ पेक्षा थोडा कोरडा. ब्रिज एकटा, क्लीन आणि पूर्ण टोनवर, फार क्वचित कामाला येतो. गेन दिल्यावर मात्र कॉर्डमधला प्रत्येक सूर सुटा ठेवणारा तोच.

मींड घेत गायकीसारखी ओळ वाजवायची असेल तर नेक, टोन ५ च्या आसपास. घसीट ओढताना तारेचा घासण्याचा आवाज दबतो आणि सूर सलग राहतो. हमबकरवर नेकचा टोन पूर्ण शून्यावर नेऊन ॲम्प भरपूर चढवला की गोल, नाकातून गायल्यासारखा आवाज मिळतो. क्रीम या बँडच्या काळातल्या एरिक क्लॅप्टन यांच्यामुळे त्याला ‘वूमन टोन’ हे नाव चिकटलं. कमी गेनवर तोच आवाज नुसता मुका लागतो, त्यामुळे घरच्या छोट्या ॲम्पवर करून पाहून नाद सोडू नका.

जागा ३, एकटा मधला पिकअप, बिचारा दुर्लक्षित. गायकाबरोबर एकट्या गिटारने साथ करायची असेल तर तो ऐकून पाहा. धड नेक नाही, धड ब्रिज नाही, आणि म्हणूनच शब्दांच्या आड येत नाही.

हात

स्ट्रॅटची लिव्हर उजव्या हाताच्या करंगळीच्या टप्प्यात असते. ब्रिजकडे न्यायची असेल तर डाउनस्ट्रोक संपताना हात तसाच पुढे जाऊ द्या आणि करंगळीच्या बाजूने लिव्हर ढकला, वेगळी हालचाल करायची गरज नाही. नेककडे आणताना करंगळीचं टोक लिव्हरमागे अडकवून ओढा. चिमटीत पकडायला गेलात की पिक निसटतो. लिव्हरचं टोपण गुळगुळीत असेल आणि घामाने बोट घसरत असेल तर त्यावर रबराची बारीक रिंग चढवा.

पाचही जागा हाताला सारख्या सोप्या नाहीत. दोन टोकं सोपी, कारण तिथे लिव्हर अडते आणि चुकायला वाव नसतो. टोकाच्या शेजारच्या २ आणि ४ थोड्या अवघड. मधली ३ अंधारात सापडणं सगळ्यात कठीण. म्हणून ५ वरून २ वर जायचं असेल तर खाचा मोजत जाऊ नका. सरळ १ च्या टोकाला आपटा आणि एक खाच मागे या. १ वरून ४ ला जाताना ५ ला टेकून परत. ही दोन टप्प्यांची हालचाल तारा शांत असताना करायची, नाहीतर मधल्या क्षणी ब्रिजचा चटका ऐकू येतो.

आता वेळ. १२० च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, तिचा अर्धा भाग पाव सेकंदाचा. करंगळीच्या एका ढकल्याला पाव सेकंद पुरतो, टोकाला जाऊन परत यायला बहुतेकांना अख्खी मात्रा लागते. मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि चारच्या ठेक्यात तीन मात्रा कॉर्ड वाजवा, चौथीवर तारा बंद करून स्विच, पुढच्या समेवर नव्या पिकअपवर कॉर्ड. समेवरची कॉर्ड उशिरा पडत नाही असं सलग आठ वेळा झालं की लय १० ने वाढवा. १०० ला जमलं की चौथ्या मात्रेचा पहिला अर्धा भाग वाजवून फक्त दुसऱ्या अर्ध्यात बदल करायचा. हे करताना लिव्हरकडे बघायचं नाही.

गाण्यात जागाच मिळत नसेल तर ती तयार करावी लागते. दोन मार्ग आहेत. शेवटची कॉर्ड अर्धी मात्रा आधी तोडा, ऐकणाऱ्याला तो ठेक्यातला झटका वाटतो. किंवा डाव्या हाताला काम द्या: हॅमर-ऑन आणि पुल-ऑफने तीन-चार सूर डावा हात एकटा काढतो, तेवढ्यात उजवा मोकळा. खुली तार वाजती सोडणंही चालतं, पण वाजत्या सुरावर पिकअप बदलला तर त्या सुराचा रंग बदललेला स्पष्ट ऐकू येतो. मुद्दाम करायचं असेल तर ही सुंदर गोष्ट आहे: सोलोच्या शेवटचा लांब सूर नेकवर धरा, तो उतरायला लागला की ब्रिजवर जा, सूर पुन्हा उजळतो. डिले लावलेला असेल तर आधीच्या पिकअपचे पडसाद मागे घुमत राहतात आणि दोन गिटार असल्याचा भास होतो.

शंभरच्या लयीतलं, चारच्या ठेक्यातलं एक नेहमीच्या घडणीचं गाणं घेऊ. सुरुवातीची धून नेकवर, ५. तिच्या शेवटच्या सुराला खुली तार मिळेल अशी बोटं ठरवा, ती वाजत असताना एक खाच सरकून ४. मुखडा तुटक कॉर्डवर. पहिल्या म्युझिकमध्ये गिटारची लीड, ती १ वर. मुखड्याची शेवटची कॉर्ड तिसऱ्या मात्रेवर तोडली की चौथी पूर्ण मात्रा, ०.६ सेकंद, हातात राहते. पेडल दाबायचा असेल तर तोही याच मात्रेत, करंगळी आणि पाय एकदम. लीड संपल्यावर अंतऱ्याचा अर्पेजियो २ वर: टोकावरून एक खाच मागे, सगळ्यात सोपा बदल. अंतऱ्याच्या शेवटी परत ४. इथे ५ ला टेकून यावं लागतं, म्हणून अंतऱ्याची शेवटची अर्धी ओळ वाजवूच नका, गायकाला एकट्याला सोडा. कॉर्डच्या कागदावर त्या त्या शब्दावर गोलात आकडा लिहून ठेवा, आणि बदल कुठल्या मात्रेवर आहे तेही.

एक सावधगिरी: जोरात स्ट्रमिंग करणाऱ्यांचा हात लिव्हरला आणि व्हॉल्यूम नॉबला लागतो आणि पिकअप आपोआप बदलतो. मनगट लिव्हर आणि नॉबपासून थोडं दूर सरकवणं हा पहिला उपाय.

लेस पॉलचा टॉगल

तो वरच्या खांद्यावर, हातापासून लांब. वर म्हणजे नेक, खाली म्हणजे ब्रिज, मधे दोन्ही. ब्रिजवर जाणं सोपं: हात तारांकडे खाली येतानाच बोटाने टॉगल पाडून यायचं. नेकवर जाताना अंगठ्याने वर उडवा. दोन्हीकडे हात तारांवरून पूर्ण उचलावा लागतो, त्यामुळे इथे वर सांगितलेली अर्धी मात्रा कमीच पडते, एक मात्रा धरा.

पण लेस पॉलकडे स्ट्रॅटकडे नसलेली एक गोष्ट आहे: प्रत्येक पिकअपला वेगळा व्हॉल्यूम. ॲम्प किंचित फाटायला लागेल इतका चढवा. ब्रिजचा व्हॉल्यूम १० वर, नेकचा ६ वर. आता टॉगल वर असताना जवळजवळ क्लीन ऱ्हिदम, खाली पाडला की लीड, पेडलला हात न लावता. क्लीन ते लीड एवढ्यासाठी पेडलबोर्ड घेण्याआधी हे करून पाहा. नेक ६ वर बोदा वाटला तर टोन कपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या बाहेर जाणाऱ्या कडीला जोडा, म्हणजे पन्नासच्या दशकातलं वायरिंग. त्यात व्हॉल्यूम उतरवला तरी वरचे सूर कमी गळतात.

मधल्या जागेवर दोन्ही व्हॉल्यूम १० असताना एकाला ८ किंवा ७ वर आणा आणि ऐका. तेवढ्या टप्प्यात रंग सगळ्यात जास्त बदलतो. एकाला शून्यावर नेलं तर मात्र पूर्ण गिटारच बंद पडते. ते बिघडलेलं नाही, नेहमीच्या वायरिंगमध्ये शून्यावरचा पॉट बाहेर जाणारी वायरच अर्थला टेकवतो. यातूनच एक खेळ निघतो: नेक शून्यावर, ब्रिज १० वर, सूर धरून ठेवा आणि टॉगल खाली-वर झटके द्या. आवाज मशीनसारखा तुटक येतो.

मधल्या जागेवर आवाज पातळ, नाकातला आणि अगदीच लहान येत असेल तर दोन पिकअप उलट फेजमध्ये (एकाची लाट दुसऱ्याच्या विरुद्ध) आहेत. फ्लीटवुड मॅक बँडचे गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये नेकचा चुंबक उलटा होता आणि तोच आवाज तिची ओळख ठरला, तेव्हा दुरुस्त करायच्या आधी एक आठवडा वाजवून पाहा.

कॉइल अर्धी करणारा (हमबकरची एक कॉइल बंद करणारा) ओढायचा नॉब चालू गाण्यात वापरायचा बेत असेल तर ओढायचा नाही, दाबायचा प्रकार घ्या. ओल्या बोटांनी नॉब वर ओढणं एका मात्रेत होत नाही.

बिघाड, गिटार न उघडता

मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवा. गिटारला केबल लावा, केबलच्या मोकळ्या टोकाच्या पिनेचं टोक आणि दांडा यांना मीटरच्या सळया लावा, व्हॉल्यूम १० वर. साध्या स्ट्रॅटवर १, ३, ५ ला साडेपाच ते सात किलोओहमच्या दरम्यान आकडा यावा, २ आणि ४ ला त्याच्या निम्मा, तीनच्या आसपास. मधल्या जागेवर निम्मा झालाच नाही तर दोनपैकी एक पिकअप जोडलेला नाही. एखाद्या जागेवर मीटर पट्ट्याबाहेर गेला आणि मोठ्या पट्ट्यावर २५० च्या आसपास दाखवू लागला तर मीटरला फक्त व्हॉल्यूम पॉट दिसतो आहे. तो पिकअप तुटला आहे किंवा स्विच टेकत नाही. लिव्हर हलकी हलवताना आकडा उड्या मारत असेल तर स्विच. ठाम राहत असेल तर पिकअपची वायर. आकडा शून्याजवळ असेल तर कुठेतरी वायर अर्थला चिकटली आहे. हमबकर साधारण सात ते नऊ किलोओहम, कॉइल अर्धी केली की निम्मे.

कुठला पिकअप चालू आहे ते मीटरशिवायही कळतं: ॲम्प बारीक ठेवून प्रत्येक पिकअपच्या खांबावर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टिचका. चालू असलेला ठणकन बोलतो.

स्विचची खरखर बहुतेक वेळा धूळ आणि गंजाची, आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यानंतर ती हमखास येते. उघड्या पत्र्याच्या स्विचवर इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि लिव्हर वीस-तीस वेळा पुढे-मागे. बिजागऱ्यांना मारायचं तेल वापरू नका, ते पुसत नाही, धूळ धरून बसतं. टॉगलच्या पात्यांमध्ये क्लीनरने ओलसर केलेली कागदाची पट्टी घालून ओढा. सॅंडपेपर नको, पात्यावरचा मुलामा जातो. प्लॅस्टिकच्या बंद डबीतला स्विच असेल तर साफ करण्यात वेळ घालवू नका, बदलून टाका. बदलताना जुन्या जोडण्यांचा फोटो आधी काढा, आणि डाख देताना सोल्डरिंग आयर्न कडीवर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, आतलं प्लॅस्टिक वितळतं.

मंडपातली गुणगुण वेगळी. आपली वीज ५० हर्ट्झची, दिव्यांचे डिमर आणि ट्रान्सफॉर्मर स्टेजच्या शेजारी, आणि सिंगल कॉइल हे सगळं गोळा करतो. जागच्या जागी हळूहळू वळून पाहा, एका दिशेला गुणगुण बरीच उतरते, तिथे उभे राहा. मधला पिकअप उलटा असेल तर शांत भागात २ किंवा ४ वर थांबा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं नेहमीचं आहे. वाढत असेल तर अर्थिंग तपासून घ्या, आणि तोवर माइकला ओठ लावू नका: गिटारचा ॲम्प आणि माइकची सिस्टिम वेगवेगळ्या अर्थवर असतील तर झटका गिटारवादकालाच बसतो. गुणगुण जावी म्हणून थ्री-पिनमधली अर्थची पिन काढणाऱ्या माणसाच्या हातात एक्स्टेन्शन बोर्ड देऊ नका.

कार्यक्रमात स्विचच दगावला आणि लिव्हर हलवल्यावर आवाज जातो-येतो असं झालं, तर ज्या जागेवर आवाज येतो तिथे लिव्हर चिकटपट्टीने पिकगार्डला बांधून टाका. निवडायची मुभा असेल तर २ घ्या. टोन १० वर तो ऱ्हिदमला चालतो, आणि गेन वाढवून लीडलाही निभावतो. बाकीचा कार्यक्रम मग टोन नॉब आणि पिक तारेवर कुठे मारता यावर काढायचा: पिक ब्रिजपासून दोन बोटांवर मारला की आवाज कडक, फ्रेटबोर्डच्या शेवटावर मारला की मऊ.